उत्तरेची भिंत

दार उघडताच तिला पांढरं दिसलं. वास त्याच्याही आधी आला असणार, जिन्यातच. पण जिन्यात सगळ्या बिऱ्हाडांचे वास एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांतला आपला कोणता हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. ब्लीचचा नाकात शिरणारा वास आणि त्यावर ताज्या रंगाचा थंड, खडूसारखा वास. आतल्या खोलीची उत्तरेची भिंत तळापासून खिडकीच्या वरपर्यंत पांढरी झाली होती. मुलीचा पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला, त्यावर जुन्या चादरी पसरलेल्या, आणि भिंतीसमोर सासूबाई उभ्या. डोक्याला फडकं, नाकाच्या शेंड्यावर रंगाचा ठिपका, हातात ब्रश आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं तेज.

“आलीस? सांग बघू आता, कुठं होती ती ओळखता येतंय का?”

तिच्या खांद्यावरची पिशवी खांद्यावरच राहिली. “आई,” ती म्हणाली, “तो आज येणार आहे.”

“म्हणून तर! सकाळी तुम्ही सगळे गेलात आणि लागले कामाला. आता येऊ दे म्हणावं. बघू दे काय बघायचंय ते.”

तिचे डोळे भिंतीवरून हलेनात. तिचं कामच पांढऱ्याचं होतं. दातांच्या प्रयोगशाळेत ती पोर्सलेनच्या टोप्या करायची. समोर रंगांची पट्टी, पट्टीवर ओळीनं लावलेले नमुन्याचे दात, सगळे पांढरे आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. कुणाचा पांढरा राखाडीकडे झुकतो, कुणाचा पिवळ्याकडे, कुणाच्या मुळाशी चहाच्या डागासारखी तपकिरी सावली असते. ती नसली तर दात खोटा दिसतो. इतक्या वर्षांत डोळ्याला अशी सवय लागली होती की बसमध्ये समोर बसलेल्या माणसाचा चेहरा विसरायचा आणि सुळ्याची छटा लक्षात राहायची. आणि आता ही भिंत. बाकीच्या तीन भिंती वर्षांनुवर्षं श्वास घेऊन साईसारख्या पिवळट झालेल्या, आणि त्यांच्यात ही एक, जबड्यात नवा दात बसवावा तशी. लहान मुलानंसुद्धा ओळखलं असतं. पण ओळखून काय? भिंत पांढरी आहे एवढंच येणाऱ्याला दिसणार. पांढऱ्याखाली काय होतं ते तिला माहीत, सासूबाईंना माहीत, आणि रोज पहाटे उठून बसणाऱ्या, खांदे कानांपर्यंत वर ओढून हवा आत ओढणाऱ्या मुलीच्या छातीला माहीत.

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी कधी नसायची आणि काहीतरी सतत कुठून तरी कुठे तरी नेत असायची. हल्ली ती जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसायची आणि म्हणायची, “मी इथं जरा विचार करते.” विचार कसला, दम लागायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं आणि मग मुंगीला न विचारता आईलाच विचारलं होतं, “झोपते कुठं ही?” त्या प्रश्नापासून सगळं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. वसाहतीच्या कार्यालयात अर्ज गेला. वसाहत सरकारी, भाडं कमी, म्हणून रांग लांब. पण घर आजारी पाडतंय असं ठरलं तर रांग सोडून पलीकडच्या नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, दोन्हीकडून ऊन येणारी जागा मिळायची. ठरवणार तपासनीस. त्यानं येऊन बुरशी आपल्या डोळ्यांनी बघायची आणि ओल मोजायची. दिसली तर घर बदलणार, नाही दिसली तर अर्ज बंद, आणि पुन्हा रांगेच्या शेपटीला. मधला रस्ता नव्हता. आणि तो आज दुपारी येणार होता.

“तुम्हाला मी सांगितलं होतं ना आई, त्याला भिंत दाखवायची आहे म्हणून.”

“मग आहे ना भिंत. दाखव की.”

तिला हसू आलं असतं, वेगळ्या दिवशी. ती पलंगाच्या कडेवर बसली. चादरीखाली गादीचा ओलसर थंडपणा लागला, तो काही पुसला गेला नव्हता. तिला आठवलं, पहिल्यांदा तो डाग दिसला तेव्हा तिनंही काय केलं होतं? अंगठ्यानं पुसला होता. उशीच्या मागे, डाळीएवढा, राखाडी. तिला वाटलं मुंगीनं पेन्सिल टेकवली. अंगठ्याला काळं लागलं आणि भिंतीवर सावली उरली. मग एका डाळीच्या दहा झाल्या, त्यांना कडा फुटल्या, कडांना केसांसारखे तंतू. कोपऱ्यात गर्दी, खिडकीखाली पट्टा, मग पाऊस लांबला की पट्ट्याचा नकाशा. नवरा म्हणाला, स्वयंपाकाची वाफ. शेजारीण म्हणाली, मीठ ठेव कोपऱ्यात. तिनं वाटीत मीठ ठेवलं, मिठाला पाणी सुटलं, भिंत होती तशी. तिला स्वतःला हे सगळं कळत होतं. कामावर ती रोज प्लास्टरचे जबडे ओतायची. वरून खडखडीत वाजणारं प्लास्टर आत किती वेळ ओलं राहतं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. भिंतीचं तेच. बाहेरच्या अंगाला वरपासून खाली चीर गेलेली, कधीच ऊन न लागणारी बाजू. वरचं काळं धुतलं तरी आतला ओलावा जागचा हलत नाही, आणि ओलावा आहे तोवर बुरशीला घाई नसते. हे सगळं तिला कळत होतं, आणि तरी पाहुणे यायचे असले की ती खोलीचं दार ओढून घ्यायची.

“चहा टाकू?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना आता काहीतरी चुकल्याचा सुगावा लागला होता. ब्रश त्यांनी वर्तमानपत्रावर आडवा ठेवला, मग उचलून उभा ठेवला. “तू बोलत का नाहीस? बरा नाही झाला का? एक हात अजून मारते, वेळ आहे.”

“नको. अजून एक हात नको.”

“मागच्या वेळी तो आला होता ना कार्यालयातला, नळ बघायला,” सासूबाई एकदम म्हणाल्या, भिंतीकडे तोंड करून. “तू नव्हतीस. मी त्याला म्हटलं, एवढं तेही बघून जा. त्यानं दारातूनच पाहिलं. आत पाऊल टाकलं नाही गं, बूट खराब होतील जणू. आणि म्हणाला, आजी, घर कसं ठेवता त्यावर असतं.”

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

“चाळीस वर्षं लोकांच्या कचेऱ्या पुसल्या मी. साहेबांच्या टेबलावरच्या काचेची खालची बाजू मी पुसायची, ती कुणी बघतसुद्धा नाही. आणि मला म्हणतो, घर कसं ठेवता. मी गप्प बसले. मुंगी ऐकत होती म्हणून गप्प बसले. म्हटलं, पुन्हा कुणी आलं तर दाखवीन.”

तिला वाटलं होतं आपण रागावणार आहोत. पण तिनं सासूबाईंचे हात पाहिले. ब्लीचनं बोटांची टोकं सुरकुतून पांढरीफटक पडलेली, नखांच्या कडांना रंग. हातमोजे घेतले नसणारच. हातमोज्यांनी काम कळत नाही असं त्यांचं मत होतं. सकाळपासून एकट्या बाईनं पलंग ओढला, भिंत खरवडली, धुतली, पुसली, वाळायची वाटही न बघता रंगवली. हे सगळं कुणी मुलीच्या वाईटासाठी करत नाही. उलट, घराण्याची लाज झाकायला माणूस जेवढं बळ आणतो तेवढं दुसऱ्या कशाला आणत नाही.

तपासनीस वेळेवर आला. पोटाशी कातडी पिशवी धरलेला, जिने चढून घामाघूम झालेला, वयानं नवऱ्याहून थोडा मोठा माणूस. दारात बूट काढायला लागला तर सासूबाई म्हणाल्या, “राहू द्या हो,” आणि त्यानं तरी काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. तो आतल्या खोलीत गेला, थांबला, नाक वर करून वास घेतला.

“बुरशी कुठं आहे म्हणालात?”

तिनं तोंड उघडलं, पण सासूबाईंचं आधी उघडलं. “बुरशी? आमच्याकडे? छे हो! हात लावून बघा, सोयऱ्यांना दाखवण्यासारखी भिंत आहे.”

तपासनीसानं हात लावला. बोटाला पांढरं आलं. त्यानं पिशवीतून मीटर काढलं, दोन सुयांचं, भिंतीत टोचायचं, आणि टोचलं नाही. हातातच धरून उभा राहिला. “ओल्या रंगावर हे काहीही सांगतं,” तो म्हणाला. “आज मोजण्यात अर्थ नाही.” आणि मग, कुणाकडेही न बघता, “म्हणजे अर्जात लिहिलंय तसं काही दिसत नाही, असंच मला लिहावं लागेल.”

सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य सासूबाईंच्या समोर, त्यांच्याच भिंतीसमोर, परक्या माणसाला सांगायचं होतं, आणि त्या वाक्यात सासूबाई खोट्या पडणार होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या उठता-बसता म्हणायच्या. पगार असो, नवऱ्याचं दारूपायी गेलेलं आयुष्य असो, मुलाचं नापास होणं असो, मूठ त्यांनी उघडली नव्हती. त्याच मुठीनं त्यांनी घर उभं केलं होतं, हेही खरं. तिला सुनेचं वाक्य सापडेना. आईचं सापडलं.

“होती,” ती म्हणाली. “सकाळपर्यंत होती. आम्ही आज रंग दिला.”

“आम्ही?”

“आम्ही.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

“का दिला?” तपासनीसानं विचारलं.

“तुम्ही येणार होतात ना.” स्वतःच्या कानाला हे उत्तर इतकं वेडगळ वाटलं की तिनं पुढे काहीतरी जोडलं. “घरी कुणी येणार असलं की आपण आवरतोच.”

तपासनीस हसला नाही. पलंगाच्या कडेवर टेकला आणि मीटर मांडीवर ठेवून त्यानं कपाळ पुसलं. “बाई,” तो म्हणाला, “मी येणार म्हटलं की लोक भिंती धुतात. एकांनी तर भिंतीला चांगला पडदा लावून त्यापुढे फुलदाणी ठेवली होती. माझी आई पण हेच करायची, डॉक्टर यायच्या आधी आजाऱ्याला पावडर लावायची.” सासूबाईंनी नाकानं हूं केलं, हे त्यांना वेडेपणाचं वाटलं नव्हतं. “मी असं करतो. आज घरी कुणी नव्हतं असं लिहितो. म्हणजे मला परत यावं लागेल.”

“कुणी नव्हतं कसं?” सासूबाई दुखावल्या. “मी सकाळपासून घरातच आहे!”

“आई.”

“नाही म्हणजे, माणूस समोर उभं आहे आणि नाही म्हणतो.”

“नव्हतात तुम्ही, आजी,” तो बूट घालताना म्हणाला. “आणि मी परत येईपर्यंत त्या भिंतीला हात लावायचा नाही. पुसायचं नाही, धुवायचं नाही. येऊ द्यायची तिला.”

“आणि आली नाही तर?”

“मग तुम्ही फार चांगला रंग घेतलात.”

रात्री नवरा बसच्या पाळीवरून आला, त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. मुंगीची झोपायची जागा बाहेरच्या खोलीत, आजी आणि आईच्या मध्ये हलवली. आतली खोली भिंतीची झाली.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. कामावरून आल्यावर पूर्वी ती आधी मुंगीचा श्वास ऐकायची. आता चपला काढायच्या आधी आत जाऊन भिंत बघायची. भिंत पांढरी. दुसऱ्या दिवशी पांढरी. तिला वाटायचं खिडकीशी जरा राखाडी झालंय, ती तोंड जवळ न्यायची, तर ती तिचीच सावली असायची. आणि सावली आहे हे कळल्यावर जे वाटायचं त्याला नाव काय द्यायचं? निराशा. पोरीला आजारी पाडणारी गोष्ट परत आली नाही म्हणून निराशा. प्रयोगशाळेत एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुढच्या दाताला छटा जुळवताना तिच्या हातून नमुना सुटून पडला आणि तिच्या लक्षात आलं की आपण पांढऱ्यात काळं शोधतोय. दाताला मुळाशी जी सावली द्यायची ती तिनं नेहमीपेक्षा गडद दिली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “काय हो, किडका दात करताय का?” तिनं टोपी मोडून पुन्हा केली. मुंगीचा खोकला मात्र बाहेरच्या खोलीत जरा उतरला होता. पहाटे ती खांदे वर न ओढता झोपलेली दिसायची, आणि तिला वाटायचं, हे तरी बघा कुणीतरी, हे मोजायला काही यंत्र आहे का?

सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. हाताला वळण असतं. त्या फडकं घेऊन आत जायच्या, उंबऱ्यावर थांबायच्या आणि परत यायच्या. एकदा फडकं सुनेच्या हातात देऊन म्हणाल्या, “हे तुझ्याकडे ठेव. मला राहवत नाही.” दार मात्र आता उघडं असायचं. शेजारीण आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, “अगं बाई, रंग दिलात!” तर सासूबाई म्हणाल्या, “दिला होता. चुकलं.” आणि पुढे काही समजावलं नाही. शेजारीण बिचारी मीठ ठेवायला सांगून गेली.

मग सुट्टीचा दिवस आला, ढगाळ. तिनं चादरी धुतल्या. गच्चीवर दोऱ्या रिकाम्या होत्या. ती बादली घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. आतल्या खोलीत पलंगाच्या दांड्यापासून खिडकीच्या कडीपर्यंत दोरी बांधली, चादरी नीट न पिळता त्यावर टाकल्या, भिंतीपासून वीतभर अंतरावर, आणि खिडकी लावून घेतली. बुरशीला काय लागतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. न हलणारी हवा, गारवा, पाणी. बाळाला दूध पाजावं तसं ती हे शांतपणे करत होती. चादरीतून थेंब फरशीवर पडायचे, एक पडला की दुसऱ्याची वाट बघावीशी वाटायची. तिला आपल्या मनाचा तळ लागेना. वाटलं, एवढंच तर करायचंय, ती येणारच आहे, फक्त लवकर यावी. खोटं कुठं आहे यात? भिंत खरीच आजारी आहे. आजाऱ्याला जरा गारठ्यात उभं केलं, एवढंच.

“हे काय चाललंय?” सासूबाई दारात उभ्या होत्या.

“बाहेर ढग आहेत.”

“ढग मलाही दिसतात. दोऱ्या रिकाम्या आहेत, त्याही दिसतात.” त्या आत आल्या, चादरीचा ओला काठ चिमटीत धरला, सोडला. “मी भिंतीला रंग दिला. तू पाणी देतेस. कुणाची लाज झाकायला गं?”

“लाज नाही झाकत मी. मला ते घर पाहिजे. मुंगीला पाहिजे.”

“मलाही पाहिजे. पण मग तो नळवाला मेला खरं बोलला असं होईल ना? घर कसं ठेवता त्यावर असतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “आपल्यामुळे येते असं मी कुणाला म्हणू देणार नाही. माझ्या हातून नाही आणि तुझ्याही नाही. येईल तर तिची ती येईल.”

हे बरोबर होतं, आणि ते सासूबाई म्हणत होत्या. ज्या बाईनं आयुष्यभर झाकलं ती तिला उघड्यावर उभं राहायला सांगत होती. तिनं खिडकी उघडली. थंड हवा आत आली आणि दोघींच्या कपाळांवर लागली. दोघींनी मिळून एकेक चादर दोन टोकांना धरून पिळली, एकीनं इकडे, दुसरीनं तिकडे. सासूबाईंच्या मनगटात अजून इतकं बळ होतं की तिच्या हातातलं टोक दोनदा निसटलं. “धर की नीट, लोण्याचे हात आहेत का?” मुंगी मध्ये शिरून पिळाच्या खालून वाकून पलीकडे गेली आणि तिच्या मानेवर पाणी सांडलं म्हणून खिदळली. चादरी गच्चीवर गेल्या. त्या दिवसापासून खिडकी रात्रंदिवस उघडी राहिली, आत काही वाळत घातलं नाही, त्या खोलीत कुणी चहाचा कपसुद्धा नेला नाही. भिंतीला तिचं काय ते बोलू द्यायचं ठरलं.

ती घाईघाईनं केस विंचरत होती, सकाळची वेळ, मुंगीचा डबा भरायचा राहिलेला, नवरा बूट शोधत होता, आणि आतून सासूबाईंची हाक आली.

“आली गं! आली! लवकर ये!”

इतक्या आनंदाची हाक त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी मारली नव्हती. कंगवा केसांत तसाच ठेवून ती धावली. खिडकीखाली, उघड्या खिडकीच्या वाऱ्यात, ताज्या पांढऱ्यातून एक राखाडी ठिपका वर आला होता. त्याच्या शेजारी दोन. खाली, पलंगाची उशी जिथं असायची तिथं, फिकट धुरासारखा पट्टा. सासूबाईंनी भिंतीला हात लावला नव्हता. बोट हवेत, ठिपक्यापासून जरा लांब, धरून ठेवलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघी हसत होत्या. मुंगी मागून घुसली, तिनं आजीचा हसरा चेहरा पाहिला, आईचा पाहिला, आणि काय ते कळायच्या आधीच तीही टाळ्या पिटत खोलीभर गोल धावायला लागली. “आली, आली, बुरशी आली!” तिसऱ्या फेरीला तिचा आवाज बारीक झाला. ती पलंगाच्या दांड्याला धरून उभी राहिली, खांदे वर उचलले गेले, आणि छातीतून ती ओळखीची शीळ बाहेर आली.

हसू दोघींच्या तोंडावर तसंच राहिलं होतं. ते कुठं ठेवायचं कळत नव्हतं. सासूबाईंनी वाकून मुंगीला उचललं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीशी नेऊन तिच्या पाठीवरून वरून खाली हात फिरवायला लागल्या.

“हळू. हळू घे. घाई नाही,” त्या मुंगीला म्हणाल्या, आणि मग तिच्या डोक्यावरून सुनेकडे बघून, त्याच आवाजात, “फोन लाव त्याला. म्हणावं, खिडकी उघडी होती, भिंत कोरडी ठेवली होती, आणि घरात आम्ही सगळे आहोत.”